पाइप गार, वारा कोमट

४ एप्रिल

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. फोन केला की तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो आणि स्वयंपाकघरात तुझी आई उगाच भांडी वाजवते. म्हणून हा कागद. शिवाय प्रश्न तुझ्याच कामातला आहे. तू एवढी मोठाली शीतगृहं सांभाळतेस, लोकांची औषधं आणि मासळी गार ठेवतेस. मग मला एवढंच सांग, आपल्या गाडीचा एसी गार वारा का देत नाही?

हसू नकोस. गाडी तीच, तुझ्या आईची, तू जन्मायच्या आधीची, नाक लांब आणि शेपूट त्याहून लांब. एसी तिला कारखान्यातूनच होता, पण माझ्या आठवणीत तो कधी चाललेला नाही. तुझी आई सगळ्या काचा खाली करून, घामानं निथळत, बाळंतपणं करायला या वस्तीतून त्या वस्तीत जायची. एसी का लावत नाहीस असं विचारलं की म्हणायची, मास्तर, तुम्ही भूमिती शिकवा. मी आपली भूमिती शिकवत राहिलो.

आता मात्र तो चालायलाच हवा. आईच्या दुखण्याचं तुला जावईबापूंकडून कळलं असेल. मज्जातंतूंचं आहे. डॉक्टर म्हणाले, हिला उकाडा चालायचा नाही. गार खोलीत ती भिंतीला धरून चालते, पण अंग जरा तापलं की पाय ऐकत नाहीत. गार झाली की पुन्हा ऐकतात. आणि तिनं ठरवलंय की बाळ यायच्या आधी तुझ्याकडे पोचायचं. तुला विचारलं नाही, मलाही नाही. मी जाणार, तिनं दार उघडलं तर उघडलं, असं भिंतीकडे बघून म्हणाली.

तू म्हणशील, भाड्यानं एसी गाडी घ्या. घेतली होती की, दवाखान्यात जायला. त्या खोलगट सीटमधून तिला उठता येईना. ड्रायव्हरनं आणि मी बखोटीला धरून बाहेर काढलं. घरी आल्यावर म्हणाली, पुन्हा ती गाडी नको. आपल्या गाडीला पुढे सलग बाक आहे, खुर्चीएवढा उंच, आणि दार कपाटासारखं सताड उघडतं. चाकाच्या खुर्चीवरून ती आपली आपण सरकते. कुणाचा हात लागत नाही, आणि तिला तेवढंच हवं असतं.

तर गेल्या आठवड्यात गॅसवाल्याला बोलावलं. एसीचा पट्टाच नव्हता, तो त्यानं नवा घातला. गॅस भरला आणि म्हणाला, काका, आता कुडकुडाल. चालू केला, तर चहावर फुंकर मारावी तसा वारा. काय करू ते कळव.

आणखी एक. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तू आठवडाभर राहायला म्हणून आलीस आणि दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून निघालीस. तुमच्या दोघींत काय बिनसलं? आईला विचारलं तर म्हणते, तिला विचारा. म्हणून विचारतोय.

तुझा बाबा

१३ एप्रिल

ठमे,

तुझं उत्तर मिळालं. "एसीच्या झरोक्यातून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. बाहेरचं मोजा. फरक कळवा." मी कागद पाठपोट बघितला, उजेडासमोर धरला. आणखी काही नव्हतं. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तू सरळ बगल दिलीस. वर्गात असतीस तर बाकावर उभं केलं असतं.

मोजलं. झरोक्यात थर्मामीटर धरला, आला एकेचाळीस. म्हटलं असेल, गाडी उन्हात होती. सावलीत आणली, पुन्हा धरला, एकेचाळीस. गॅसवाल्याला बोलावून थोडा गॅस काढायला लावला, एकेचाळीस. त्यानं तो परत भरला, तरी एकेचाळीस. तो आपला तळहात झरोक्यापुढे धरून म्हणाला, काका, हाताला तर जरा बरा लागतोय. मी म्हटलं, हाताचं काय सांगतोस, आकडा बघ. तो डोकं खाजवत निघून गेला. मी चार दिवस हेच करत होतो. रात्री झोपेत सुद्धा मला एकेचाळीस दिसायला लागले होते.

तुझी आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. आज सकाळी तिला राहवेना. "मास्तर, तो माझा तापाचा थर्मामीटर आहे. झटकल्याशिवाय पारा उतरायचा नाही." एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावला. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं! मी म्हटलं, मग सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तुम्ही इतके रंगून गेला होता, आणि मला बऱ्याच दिवसांत हसायला काही मिळालं नव्हतं. तिचं हसू काही केल्या थांबेना. मला राग आला आणि आलाही नाही. हे काय असतं ते मला सांगता येत नाही.

मग भिंतीवरचा साधा थर्मामीटर काढून नेला. बाहेर अडतीस, झरोक्यात तेहेतीस. हा फरक.

हिच्या हसण्याचा फायदा घेऊन पुन्हा विचारून बघितलं, की ठमीचं आणि तुझं काय झालं. हसू तिथल्या तिथे थांबलं. तू निघून गेलीस त्याच सुमाराला तिनं गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या होत्या, आता डोळे दुखतात, तुम्हीच चालवा म्हणून. जिनं मला आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, ती. मला तेव्हाही काही उमगलं नाही. आता मी चालवतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात.

बाबा

२२ एप्रिल

ठमे,

माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. रेडिएटरवाला म्हणतो, गॅसवाल्याला काही कळत नाही. गॅसवाला म्हणतो, रेडिएटरवाल्यानं आपला रेडिएटर बघावा. दोघांचं एकमत एवढ्यावरच, की जुन्या जातीचा गॅस आता मिळत नाही आणि नव्या गॅसला तो थंड करणारी पुढची जाळी मोठी लागते. बरं, मोठी जाळी बसवली. तिच्यापुढे विजेचा पंखा बसवला. तू कळवल्याप्रमाणे सगळ्या नळ्या धुऊन काढल्या. (तुझं या वेळचं पत्र सहा ओळींचं होतं. मी मोजत नाही, पण दिसतं ना.)

आता ऐक. एसीचा पाइप इतका गार पडतो की बोट टेकवत नाही. त्याला घाम सुटतो, थेंब टपटपतात. आणि झरोक्यातून वारा कोमट. दिलेले: पाइप गार आहे. सिद्ध करा: वारा गार आहे. मी आयुष्यभर पोरांना म्हणत आलो, एक पायरी दुसरीतून निघते, मधे उडी मारायची नाही. इथे मधे काहीतरी आहे आणि मला ते दिसत नाही. मी गॅसवाल्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, काका, तुम्ही लिंबाचं सरबत घ्या आणि सावलीत बसा.

तरी काल आईला एक चक्कर मारून आणू म्हटलं, नदीवरच्या पुलापर्यंत. खुशीनं तयार झाली. केस विंचरले, बाकावर सरकली, मला गिअर टाकायला शिकवत गेली. पुलावर म्हणाली, इथून पुढे घाट सोडला तर तिच्या गावापर्यंत रस्ता सरळ आहे, तुम्हाला सुद्धा जमेल. येताना बोलणं कमी झालं. घरासमोर गाडी थांबवली, दार उघडलं, खुर्ची लावली, आणि ती सरकेचना. पाय लाकडासारखे. मी ओला टॉवेल आणला, पंखा आणला. शेवटी समोरची इस्त्रीवाली धावत आली आणि आम्ही दोघांनी तिला उचलून खुर्चीत घातलं. रस्त्यावरची माणसं बघत होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

संध्याकाळी तिनं भरलेली पिशवी सोडली. बाळासाठी शिवलेली झबली कपाटात परत ठेवली. म्हणाली, राहू दे, मी जात नाही, आणि तुम्हीही तिला पत्र लिहू नका.

मी लिहितोय. ठमे, ती येणार नाही. तुला हेच हवं होतं का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतो. हो म्हणालीस तरी चालेल, पण काहीतरी म्हण. मला फार वाईट वाटतंय.

बाबा

३० एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मिळालं. "बाबा, हीटरचा पाइप हाताला गरम लागतो का बघा. लागला तर हीटरचा कॉक बंद होत नाहीये. आणि आईला विचारा, गाडी चालवताना पायाशी गरम लागायचं का." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. ते गाडीबद्दल होतं की आईबद्दल, मला कळेना.

बॉनेट उघडलं. आई खुर्चीत शेजारी, सावलीत. पाइपाला हात लावला आणि बोट भाजलं. इंजिनातलं उकळतं पाणी त्यातून आत जातं. ते पाणी बंद करायचा कॉक सापडला. तो पांढऱ्या फितीनं आवळून बांधून ठेवला होता, सताड उघडा. मी म्हटलं, कोण गाढव मेकॅनिक होता हा? आई वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "ती माझी गाठ आहे."

नाळ बांधायची फीत, ठमे. तिच्या पेटीत कायम असायची ती. आणि गाठ तीच, जी ती प्रत्येक नव्या बाळाच्या नाळेला मारायची. झालं असं, की डोंगरातल्या वस्तीवर जाताना इंजिन उकळायचं. कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं, सिस्टर, हीटर चालू ठेवा, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. हीटरची दांडी घसरायची म्हणून हिनं कॉकच बांधून टाकला. इंजिनावर भार नको म्हणून एसीचा पट्टाही काढून टाकला. मेकॅनिकला दाखवलं असतं तर गाडी आठवडाभर गॅरेजात पडली असती, आणि बायका तोवर थांबत नाहीत. पुढे ती गाठीचं विसरूनही गेली, पायाशी गरम लागणं हा गाडीचा स्वभावच धरला. वारा ज्या डब्यातून येतो त्यात आधी गार जाळी आहे आणि तिच्यामागे गरम. इतके दिवस गॅसवाला वारा गार करत होता आणि हिची गाठ तो पुन्हा तापवत होती.

मी हसायला लागलो. ती हसली नाही. मग तिनं बाकीचं सांगितलं, इंजिनाकडे बघत. तो गरम वारा सारा पायाशी यायचा. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा तिनं धरलं, गाडीतल्या उकाड्यानंच होतंय. गाडीतून उतरून जरा गार झालं की पाय जागेवर यायचे, मग खात्रीच पटली. म्हणून डॉक्टर नाही, काही नाही. स्वतः नर्स! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात तू आलीस. गाडी ती चालवत होती, तू शेजारी. शाळेसमोरचं वळण, पोरं रस्ता ओलांडत होती. "पाय ब्रेकवर आहे असं मला वाटत होतं, मास्तर. तो नव्हताच." हँडब्रेक तू ओढलास. तू म्हणालीस, बाबांना सांग आणि गाडी सोड, नाहीतर मी लायसन्सच्या ऑफिसला कळवते. ती म्हणाली, कळवलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. तू कळवलंस. आणि मला डोळे दुखतात म्हणून सांगण्यात आलं.

आता मी कुणावर चिडू? तिच्यावर चिडतो, तर ती खुर्चीत बसलेली. तुझ्यावर चिडतो, तर तू ओढला नसतास हँडब्रेक तर त्या पोरांचं काय झालं असतं, ते मनात येतं. एका घरात राहतो आम्ही, मला एकीनं सांगितलं नाही, दुसरीनंही नाही. तुम्ही दोघींनी मला काय समजून ठेवलंय? रात्रभर मी तुझी बाजू घेतली, पहाटे तिची घेतली, आणि दोन्ही बरोबर निघतात. असं होत नाही. होतंय मात्र.

फीत तिनं कापायला सांगितली. कापली, कॉक बंद केला. बाहेर एकोणचाळीस असताना झरोक्यात बारा! ती आत बसली, काचा वर केल्या. तिचे केस उडायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाली, पायाला गार लागतंय, शाल द्या. मी शाल आणायला गेलो आणि घरात जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू.

तरी ती निघायला तयार नाही. तिनं ये म्हटलं तर जाईन, म्हणते. ठमे, तू ये म्हणशील का? एवढा एकच प्रश्न आहे, बाकीचे सोडून दे.

बाबा

७ मे

ठमे,

तुझं पत्र आलं, आणि मी बुचकळ्यात पडलो. "निघण्याआधी रेडिएटरचं पाणी बघा. जादा पट्टा बरोबर ठेवा. दुपारी गाडी चालवू नका, उजाडताच निघा. घाटात एसी बंद करा आणि वर पोचल्यावर थांबून लावा. आमच्या गल्लीत सकाळी डाव्या बाजूला सावली असते."

यात "या" कुठे आहे? मी तीनदा वाचलं. ही सूचना आहे की बोलावणं आहे, की तू नुसती तुझ्या शीतगृहातल्या माणसांना सांगतेस तसं सांगतेयस? मी आईला म्हटलं, तिनं नीट उत्तर दिलेलं नाही, पुन्हा विचारून बघतो.

आईनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि कपाटापाशी खुर्ची नेली. झबली काढली. मी म्हटलं, अगं, पण ती ये म्हणालीच नाही. तर म्हणे, मास्तर, तुम्ही पट्टा आणायला जा.

तेव्हा आम्ही रविवारी उजाडताना निघतोय. तुझं तसं म्हणणं नसेल तर जावईबापूंकरवी लगेच कळव. नाही कळवलंस, तर मी तसं धरून चालतो.

बाबा

१६ मे

ठमे, आणि तिच्या शेजारी बसून हे वाचणाऱ्या आईस,

घरी सुखरूप पोचलो. येताना एकटाच होतो, तरी एसी लावला. मागून हॉर्न वाजले, पण काचा वर असल्या की ते दुरून आल्यासारखे वाटतात. इस्त्रीवालीनं विचारलं, सिस्टर कुठे? मी म्हटलं, बाळंतपणाला गेल्यात. म्हणे, या वयात? मग तिला समजावून सांगत बसलो.

आईचा बिछाना गुंडाळून ठेवलाय. घर गार आहे आणि काय करायचं ते सुचत नाही. तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, बाबा, त्या दिवशी बाहेर उन्हात का उभे राहिलात, आत यायचं होतंत. वा! तुम्हा दोघींना माझ्या बाजूनं काय दिसत होतं ते ठाऊकच नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तुझ्या गल्लीत मी डावीकडे सावलीत गाडी लावली. वाटेत आईचे पाय व्यवस्थित होते, घाट सोडला तर. पण तुझं दार बघितलं आणि ती उतरेना. खुर्ची लावली, तरी समोर बघत बसली. मी म्हटलं, मी बेल वाजवतो. म्हणाली, नको. तेवढ्यात तूच बाहेर आलीस, पोट सांभाळत. मला वाटलं, आता कुणीतरी एक रडणार किंवा ओरडणार. मी तयारीत होतो. तू आईकडे बघितलं नाहीस, माझ्याकडेही नाही. उघड्या दारातून हात घालून झरोक्यापुढे तळवा धरलास आणि म्हणालीस, गार येतोय. आई म्हणाली, हो. मग ती बाकावर जरा आत सरकली, आपली आपण, आणि तू शेजारी बसलीस. दार लावून घेतलंस, काचा वरच होत्या.

मी बाहेर राहिलो. इंजिन चालू, एसी चालू. सावली सरकत सरकत पलीकडे गेली आणि मी उन्हात आलो. काचेतून तुमची तोंडं हलताना दिसत होती. आधी तू बोललीस, बराच वेळ. तिनं मान हलवली नाही. मग ती बोलली, आणि तू डोकं डॅशबोर्डला टेकवलंस. तुझे खांदे हलत होते. मी काचेला कान लावायचा प्रयत्न केला, शेजारच्या घरातल्या बाई बघायला लागल्या, म्हणून मागे झालो. मग तू वाकून तिच्या पायाला हात लावलास, पावलाला, चिमटा काढून बघतात तसं. तिनं काहीतरी सांगितलं. तू दुसऱ्या पायालाही तसंच केलंस.

वर्षभर मला जे हवं होतं ते त्या काचेपलीकडे चाललं होतं. गॅसवाला, रेडिएटरवाला, नवी जाळी, पंखा, सगळं करून मी तुम्हाला गार हवा आणून दिली, आणि गार हवेसाठी काचा बंद लागतात. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. 'चुकलं' असं कोण म्हणालं, की कुणी म्हणालंच नाही, मला माहीत नाही. तुम्ही सांगणार नाही, आणि मी आता विचारणार नाही. खरं तर विचारीन, पण बाळ आल्यावर.

मग तिनं तुझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले, मान एका बाजूला केली. बाळंतपणाला गेल्यावर ती असं करते हे मी लोकांकडून ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आजार कुठे दिसतच नव्हता. डोळे उघडल्यावर तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं आणि बोटानं खाली, खाली अशी खूण केली. बाळाचं डोकं खाली आलंय असं ती सांगत होती, हे मला संध्याकाळी जावईबापूंनी सांगितलं. मला वाटलं, फार गार होतंय, एसी कमी करा म्हणतेय. मी धावत पलीकडून गेलो, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बटणाकडे हात नेला.

तुम्ही दोघी एकदम म्हणालात, "दार लावा."

वर्षभरात तुम्ही दोघी एका सुरात बोललात ते हेच पहिलं. मी दार लावलं आणि उन्हात उभा राहिलो.

बाबा